तवांग : नकाशावरची रेघ आणि मोनपांचे धान्य

आपल्या देशाच्या ईशान्य भागात, अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कोपऱ्यात, सुमारे १०,००० फूट उंचीवर तवांग हे गाव आहे. उत्तरेला तिबेट, बाजूला भूतान. आसामच्या मैदानातून निघालेल्या माणसाला तेथे पोहोचण्यासाठी १३,७०० फुटांवरच्या सेला खिंडीचा डोंगर पार करावा लागतो. येथील रहिवासी मोनपा जमातीचे असून ते तिबेटी परंपरेचे बौद्ध आहेत. वर्तमानपत्रात तवांगचे नाव येते ते बहुधा सैन्य आणि सीमा यांच्याच संदर्भात. त्यामुळे हे गाव म्हणजे केवळ एक ठाणे आहे, असा आपला समज होतो.

प्रस्तुत लेखात तवांगच्या गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा घेतला आहे. मात्र तो राजे आणि सेनापती यांच्या अंगाने न घेता एका साध्या प्रश्नाच्या अंगाने घेतला आहे. तो प्रश्न असा : मोनपा शेतकऱ्याच्या खळ्यावरचे धान्य कोण नेत होता?

१) मठ आणि सनद

सतराव्या शतकात हिमालयाच्या या भागाला मोन्युल म्हणत. बौद्ध धम्म येथे फार पूर्वीच पोहोचला होता. परंतु त्याच्या निरनिराळ्या पंथांत चढाओढ होती. भूतानमध्ये द्रुकपा पंथाची सत्ता होती, तर ल्हासामध्ये पाचव्या दलाई लामांच्या नेतृत्वाखाली गेलुग पंथ प्रबळ झाला होता. मोन्युल हा या दोन सत्तांच्या मध्ये सापडलेला मुलूख होता. १६८० साली पाचव्या दलाई लामांनी मेराग लामा लोद्रे ग्यात्सो यांना सनद देऊन या मुलखाची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली. १६८०-८१ मध्ये तवांगचा प्रसिद्ध मठ उभा राहिला. आज तो भारतातील सर्वांत मोठा बौद्ध मठ मानला जातो. त्याची बांधणी किल्ल्यासारखी आहे, आणि त्या काळी ती गरजच होती.

हा मठ विद्येचे केंद्र होता, त्याचप्रमाणे तो कचेरीही होता. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने कर घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. मठाच्या आणि अधिकाऱ्यांच्या सामानाची ओझी वाहण्याची वेठ मोनपांवर होती. ज्या घरात तीन मुलगे असत त्या घरातून एक मुलगा मठात धाडण्याची रीत होती. आपण बौद्ध आहोत म्हणून ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्या मठाने मोनपांना अक्षरओळख, ग्रंथ आणि शील दिले, त्याच मठाच्या कोठारात त्यांची वेठही जमा होत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१६८३ साली तवांगजवळच्या उर्गेलिंग येथे सहावे दलाई लामा त्सांग्यांग ग्यात्सो यांचा जन्म झाला. डोंगरातल्या या मुलाला १६९७ मध्ये ल्हासाच्या गादीवर बसवण्यात आले. परंतु मंगोल सरदार ल्हाझांग खान याने १७०६ मध्ये चीनच्या सम्राटाच्या संमतीने त्यांना पदच्युत केले, आणि चीनकडे नेले जात असताना वाटेतच त्यांचा अंत झाला. मंगोल, मांचू आणि तिबेटी सत्तांच्या ओढाताणीची झळ तवांगच्या लेकराला अशी लागली.

२) दुआरचे पाच हजार रुपये

१८२६ नंतर आसाम इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातून मैदानात उतरणाऱ्या वाटांना आणि त्यांच्या पायथ्याच्या सुपीक पट्ट्यांना ‘दुआर’, म्हणजे दारे, म्हणत. तवांगकडून येणारी वाट कुरियापारा दुआरात उतरत असे. १८४४ मध्ये इंग्रजांनी तो पट्टा आपल्याकडे घेतला आणि त्याच्या मोबदल्यात डोंगरातील सरदारांना दरसाल ५,००० रुपये देण्याचे ठरवले. या रकमेतील मोठा हिस्सा पुढे तवांगच्या मठाकडे जाई. म्हणजे जमीन इंग्रजांना मिळाली, रक्कम वरच्यांना मिळाली, आणि शेतकऱ्याचा कर मात्र कमी झाला नाही.

३) सिमल्याची रेघ

१९१० साली चीनच्या फौजा ल्हासात शिरल्या आणि तेरावे दलाई लामा भारतात आश्रयाला आले. या घटनेने इंग्रज सरकार सावध झाले. १९११ मध्ये चीनमध्ये क्रांती झाली आणि पाठोपाठ तिबेटमधून चिनी फौजांना जावे लागले. ही संधी साधून इंग्रजांनी ऑक्टोबर १९१३ पासून सिमला येथे भारत, तिबेट व चीन यांच्या प्रतिनिधींची परिषद भरवली. २४-२५ मार्च १९१४ रोजी इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री मॅकमोहन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोन्चेन शात्रा यांनी पत्रांची देवाणघेवाण करून एक सीमारेषा मान्य केली. आठ मैलांना एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर ही रेघ ओढली गेली. तीच मॅकमोहन रेषा होय. तवांग या रेषेच्या दक्षिणेला, म्हणजे भारताकडे आले. चीन सरकारने सिमला करार मान्य केला नाही, आणि आजच्या वादाचे एक मूळ तेथेच आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. या वाटाघाटीत तीन सरकारांचे प्रतिनिधी होते. मोनपांचा प्रतिनिधी एकही नव्हता.

४) सातबारा एकाचा, पीक दुसऱ्याचे

खेड्यात आपण पाहतो की सातबाऱ्यावर नाव एकाचे असते आणि शेत कसतो दुसराच. बँकेत कर्जाची प्रकरणे हाताळताना आम्ही कागद तर पाहतोच, पण ताबा कोणाचा तेही विचारतो. तवांगची गत १९१४ नंतर अशीच झाली. नकाशाप्रमाणे गाव ब्रिटिश हिंदुस्थानचे. परंतु कर वसूल करणारे अधिकारी तिबेटचेच.

इतकेच नव्हे, तर खुद्द इंग्रज सरकारलाही आपल्या रेघेचा जणू विसर पडला. करारांच्या सरकारी संग्रहाचा जो खंड १९२९ मध्ये निघाला त्यात सिमल्याचा मजकूर नव्हता. १९३५ च्या सुमारास ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याने हे जुने कागद उजेडात आणले. मग १९३८ मध्ये त्या खंडाची नवी आवृत्ती काढण्यात आली, पण तिच्यावर साल मात्र १९२९ चेच छापले! साम्राज्येही कागदपत्रांत मागची तारीख घालतात, ती अशी.

एप्रिल १९३८ मध्ये कॅप्टन लाइटफूट छोटी तुकडी घेऊन तवांगला गेले. तेथे तिबेटी अधिकाऱ्यांची वसुली चालूच होती. ती सत्ता दूर करावी असे त्यांचे मत पडले. तिबेट सरकारने या दौऱ्याला हरकत घेतली, आणि खर्चाचा विचार करून इंग्रज सरकारने पुढचे पाऊल टाकले नाही. १९४४ मध्ये तर सीमा तवांगच्या उत्तरेऐवजी सेलावरून नेण्याची तयारीही इंग्रजांनी दाखवली होती. तवांग देणे-घेणे हा हिशेबाच्या वहीतला प्रश्न झाला होता. वाहणाऱ्याच्या पाठीवरचे ओझे त्या वहीत कोठेच नव्हते.

५) स्वातंत्र्यानंतर

१९५० मध्ये चीनचे सैन्य तिबेटमध्ये शिरले. त्यानंतर जानेवारी १९५१ मध्ये मेजर रालेंगनाओ ‘बॉब’ खाथिंग आसाम रायफल्सचे सुमारे २०० जवान घेऊन आसामातून निघाले आणि फेब्रुवारीत तवांगला पोहोचले. खाथिंग हे मणिपूरच्या तांगखुल नागा जमातीचे. डोंगराळ जमातीच्या माणसाने डोंगराळ जमातीच्या लोकांशी बोलून, रक्तपात न करता, तेथे भारताचा कारभार सुरू केला. तिबेटी अधिकाऱ्यांची वसुली थांबली. ३७ वर्षे कागदावर असलेली रेघ त्या दिवसापासून जमिनीवर आली.

३१ मार्च १९५९ रोजी चौदावे दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले आणि पुढे तवांगच्या मठात त्यांचा मुक्काम झाला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने नामका चू नदीच्या खोऱ्यात हल्ला केला. २३ ऑक्टोबरला बूम ला मार्गावर सुभेदार जोगिंदर सिंग यांनी पराक्रमाची शर्थ केली. त्यांना परमवीरचक्र देण्यात आले. पुढच्याच दोन दिवसांत तवांग चीनच्या हाती पडले. नोव्हेंबरात युद्धबंदी झाली, चिनी सैन्य मागे गेले आणि भारताचा कारभार तेथे पुन्हा सुरू झाला. १९७२ मध्ये अरुणाचल केंद्रशासित प्रदेश झाला, १९८४ मध्ये तवांग स्वतंत्र जिल्हा झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजी अरुणाचल राज्य झाले. चीनचा दावा मात्र संपलेला नाही. ९ डिसेंबर २०२२ रोजी यांगत्से येथे दोन्ही सैन्यांत झटापट झाली. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातील वाहतूक सुकर झाली आहे.

६) बोध

तवांगवर ल्हासाने सनदेने हक्क सांगितला, इंग्रजांनी नकाशाने आणि चीनने फौजेने. परंतु सरकार आपले आहे की परके, हे सामान्य माणूस सनद वाचून ठरवत नाही. दारी येणारा शिपाई धान्य नेण्यासाठी येतो की शाळा आणि दवाखाना घेऊन येतो, यावरून तो ते ओळखतो. वेठ कोणाच्याही नावाने घेतली तरी ती वेठच. धर्माच्या नावाने घेतली तरीही वेठच. भगवान बुद्धाने भिक्षूच्या हाती भिक्षापात्र दिले, कराची वही दिली नाही. दान स्वेच्छेचे असते, हा भेद आपल्या विहारांनी आणि संस्थांनीही सदैव स्मरणात ठेवला पाहिजे.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांचा विचार करावा :

(अ) सीमेचा कागद आणि प्रत्यक्ष ताबा यांतील फरक तवांगच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

(आ) १९१४ च्या वाटाघाटीत मोनपांना विचारले असते तर त्यांनी सर्वप्रथम काय मागितले असते?

(इ) आपल्या गावाच्या इतिहासात वेठ कोण घेत होते, आणि ती केव्हा व कशी थांबली? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात तयार मिळणार नाही. म्हणूनच ते आधी लिहावे.