कणकेचा चिवटपणा आणि लेकराचें पोट

मळलेली कणीक आम्हीं पाण्याखालीं धुवून पाहिली. पिठूळ भाग वाहून गेला व हातांत चिवट गोळा राहिला. त्यास ग्लूटेन म्हणतात. पोळीस लवचीकपणा येतो तो यामुळेंच.

प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ होय. ग्लूटेनांतील ग्लायडिनाचा ३३ मण्यांचा एक तुकडा आंतड्यांतील पाचकरसांस दाद देत नाहीं, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें प्रयोगशाळेंत असे तुकडे आपणहून एकमेकांस चिकटून पुंजके बनवितांना दिसले. हे पुंजके आंतड्याच्या अस्तरास क्षोभवून सीलिॲक विकारास हातभार लावीत असावेत, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. शाबिती व्हावयाची आहे.

गहूं सर्वांस विष नव्हे. जन्मतः तशी प्रकृति असणारांपैकीं थोड्यांसच हा विकार जडतो. परंतु लेकरूं वाढत नसेल, हगवण हटत नसेल, तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावें. तत्पूर्वीं गहूं बंद करूं नये. तसें केल्यास तपासणींत विकार लपतो.

निदान झाल्यास खपलीही वर्ज्य; तींत ग्लूटेन आहेच. आमच्या छत्रपती संभाजीनगराकडे ज्वारी-बाजरी घरचीच आहे व ती निर्धोक आहे. मात्र गव्हाच्या गिरणींत ती दळूं नये. अशा लेकरासाठीं घरचें जातें निराळें राखावें.