कस पाहून मोल

आपल्या हुपरीचा कारागीर कस पाहिल्यावाचून चांदीचे मोल सांगत नाही. माणसाविषयी मात्र आपण उतावळे होतो.

मुंबईचे पारशी शापुरजी एदलजी ख्रिस्ती होऊन इंग्लंडात पाळक झाले. त्यांचा पुत्र जॉर्ज याला रात्री तट्टू जखमी केल्याच्या आरोपावरून १९०३ साली सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल त्यास भेटावयास गेले, तेव्हा तो वर्तमानपत्र डोळ्यांशी धरून वाचीत होता. असा मंददृष्टी मनुष्य अंधारात शेते तुडवील कसा? डॉईल यांनी १९०७ साली लेख लिहिले; त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली, भरपाई नाही. २०१५ सालच्या ‘आर्थर अँड जॉर्ज’ या चित्रमालिकेत ही कथा आली आहे.

आधी पाहावे, मग बोलावे, हाच धडा आम्ही यातून घेतो.