काकडीची रोपे न दुखावता कशी लावावीत

वांगी, मिरची व कोबी यांची रोपे वाफ्यातून उपटून शेतात लावण्याची आपणांस सवय आहे. परंतु तीच रीत काकडीस लावली असता रोपे दुसऱ्याच दिवशी माना टाकतात; आणि बियांचा पैसा, पंधरा दिवसांची मेहनत व हंगामाची पहिली संधी ही तिन्ही एकदम हातची जातात. ज्या घरी काकडीच्या दोन पाट्या बाजारी गेल्या तरच मीठमिरची येते, त्या घरी हे नुकसान लहान नव्हे. यास्तव या विषयाचा विचार आज आपण क्रमाने करू.

असे का होते? उपटताना सर्वच रोपांची बारीक मुळे तुटतात. कोबीस व टोमॅटोस नवी मुळे लवकर फुटतात. काकडी, भोपळा, दोडका या वेलवर्गास ती लवकर फुटत नाहीत. शिवाय यांच्या मुळांवर लहान वयातच बुचासारखा थर चढतो, व त्या भागातून पाणी फारसे शोषले जात नाही. पाने रुंद असल्यामुळे वरून पाणी उडत राहते, खालून मात्र पुरवठा नाही. मग रोप वाळणार नाही तर काय होईल? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लूमिस यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून १९२५ साली तो प्रसिद्ध केला. त्यातही हाच भेद दिसून आला. यावरून सर्व पाठाचे सार एका वाक्यात सांगता येते: काकडीचे रोप हलवावे, पण त्याचे मूळ हलवू नये.

रोपे केव्हा करावीत? पावसाळ्यात जमीन तयार असेल व ओल चांगली असेल, तर बी जागेवरच टोकावे. त्याहून सोपा मार्ग नाही. परंतु उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत शेत अद्याप रिकामे झालेले नसते, विहिरीचे पाणीही जपून वापरावे लागते. अशा वेळी शंभर रोपे अंगणात एका घागरीवर वाढविता येतात, व शेताचे पंधरा दिवसांचे पाणी वाचते. पाच फूट अंतराच्या ओळीत दोन दोन फुटांवर रोप लावल्यास एका गुंठ्यास सुमारे १०८ रोपे लागतात. काही मरतील हे धरून १३० करावीत.

कशात करावीत? पळसाच्या पानांचे खोल द्रोण अथवा जुन्या वर्तमानपत्राच्या चार बोटे उंच नळ्या चांगल्या. प्लास्टिकच्या पिशव्याही चालतात. बुडाशी पाणी निघून जाण्यास भोक असलेच पाहिजे, नाहीतर कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग वाळू मिसळून भरावी. प्रत्येकात दोन बिया अर्धा इंच खोल पेराव्यात. काकडीच्या बीस ऊब लागते. थंडीच्या दिवसांत द्रोण रात्री भिंतीच्या आडोशास ठेवावेत. दोन्ही बिया उगवल्यास अशक्त रोप उपटू नये, कारण त्याने शेजारच्याची मुळे दुखावतात; ते कात्रीने कापावे.

किती दिवसांची लावावीत? प्रथम दिसतात ती दोन गुळगुळीत पाने बीजदले होत. त्यानंतर खरखरीत, कातरलेली खरी पाने येतात. अशी दोन पाने आली, म्हणजे सुमारे १२ ते १५ दिवस झाले की लावणी करावी. जास्त फळ लवकर मिळावे म्हणून मोठे रोप लावण्याचा मोह होतो. पण तसे रोप बसते व लहान रोप त्याच्या पुढे जाते. लावणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी थोडे कमी करावे, व रोपांस ऊन हळूहळू वाढवीत द्यावे.

लावणी कशी करावी? आळ्यात दोन ओंजळी कुजलेले खत मातीत मिसळून आदल्या दिवशी पाणी द्यावे. द्रोणांस दुपारी पाणी घालावे, म्हणजे मातीचा गड्डा फुटत नाही. ऊन उतरल्यावर लावणी करावी. देठास धरून रोप उचलू नये. गड्डा तळहातावर घ्यावा. पिशवी असल्यास फाडून काढावी. द्रोण व कागद यांचे बूड फाडून ते तसेच पुरावेत. कागदाची वरची कड मातीबाहेर राहू देऊ नये, कारण ती ओल शोषून वाऱ्यावर उडविते. रोप पूर्वी जितके खोल होते तितकेच ठेवावे. माती पायाने दाबू नये. लगेच पाणी घातले म्हणजे ती आपोआप बसते. दोन-तीन दिवस पश्चिमेच्या बाजूस डहाळीची सावली करावी. तांबडे भुंगेरे कोवळी पाने खातात, त्यांसाठी सकाळी दंवावर राख भुरभुरावी व सापडतील ते वेचून मारावेत.

पुढे प्रथम फुले गळू लागली तर घाबरू नये. ती बहुधा नरफुले असतात. ज्यांच्या मागे इवलीशी काकडी दिसते ती मादीफुले नंतर येतात.

उजळणीचे प्रश्न. (१) मिरचीचे रोप उपटून जगते, काकडीचे का जगत नाही? (२) जास्तीचे रोप कापावे, उपटू नये, असे का? (३) आपल्या शेतात या वर्षी बी टोकणे बरे की रोपे करणे बरे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या विहिरीकडे पाहून द्यावे.