तीन मीटर अंतर आणि प्रकाशाची निवड

पाण्याखालील छायाचित्रणाची साधने निवडताना पहिला प्रश्न बहुधा दिव्यांविषयी विचारला जातो : फ्लॅश किती घ्यावेत आणि किती शक्तीचे? लहान मासे व प्रवाळ यांच्याबाबतीत हा प्रश्न योग्यच आहे. परंतु विषय महाकाय जलचराचा असेल, तर त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : आपल्याला त्याच्या किती जवळ जाता येईल? हे समजण्यासाठी आपण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निंगालू येथील व्हेल शार्कचे उदाहरण घेऊ.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा होय. त्याची लांबी १२ मीटरांहूनही अधिक होऊ शकते. निंगालूच्या नियमांनुसार पोहणाऱ्याने त्याच्या डोक्यापासून व धडापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर दूर राहावयाचे असते. फ्लॅशला तेथे मनाई आहे. हा नियम प्राण्याच्या हितासाठी केलेला आहे. मात्र थोडे गणित केले, तर छायाचित्रकाराचेही त्यात नुकसान नाही, असे आपल्या ध्यानात येईल.

दिव्यापासूनचे अंतर तिप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता एक नवमांश होते. शिवाय पाणी प्रकाश शोषते, आणि त्यातही लाल रंग सर्वांत आधी. ३ मीटरांवरील माशापर्यंत जाऊन परत येणाऱ्या प्रकाशाला पाण्यातून ६ मीटरांचा प्रवास करावा लागतो. एवढ्या प्रवासात लाल प्रकाशाचा थोडाच अंश शिल्लक राहतो. म्हणजे ज्या रंगांसाठी फ्लॅश वापरावयाचा, तेच रंग वाटेत हरपतात.

याहून मोठी अडचण पाण्यातील कणांची आहे. व्हेल शार्क सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणून जेथे असे जीव विपुल, तेथे तो येतो. ज्या कारणाने मासा तेथे येतो, त्याच कारणाने पाणी गढूळ असते. दिव्यापासून ३० सेंटीमीटरांवर असलेल्या कणावर ३ मीटरांवरील माशाच्या निदान शंभरपट प्रकाश पडतो. परिणामी मासा अंधुक उमटतो आणि त्याच्यापुढे पांढऱ्या ठिपक्यांचा पडदा तयार होतो.

हे ठिपके केवळ शोभेला बाधक नाहीत. व्हेल शार्कच्या अंगावरील फिकट ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशात निराळी असते. कल्ल्यांमागील कुशीच्या छायाचित्रावरून संशोधक एकेका माशाची ओळख पटवितात. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञांची तारकासमूह जुळविण्याची पद्धत उपयोगात आणली गेली असून त्याविषयीचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा चित्रात कणांचे ठिपके मिसळले, तर चित्राचा मूळ हेतूच धोक्यात येतो.

मग साधने कोणती निवडावीत? रुंद कोनाचे भिंग, जलरोधक पेटीला घुमटाकार काच आणि दिवा म्हणून सूर्य. मासा पृष्ठभागाजवळ पोहतो, तेथे प्रकाश पुरेसा असतो. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा, शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० च्या आसपास ठेवावा, त्यासाठी आयएसओ वाढवावा आणि चित्र रॉ स्वरूपात घ्यावे, म्हणजे निळसर झाक पुढे सुधारता येते. माशाचा वर्णही निळसर करडाच. त्यामुळे लाल रंग गमावल्याचे दुःख करण्याचे कारण नाही.

याचा अर्थ दिवे सर्वत्र निरुपयोगी, असा नव्हे. विषय हातभर अंतरावर असेल, तर लांब दांड्यांवर बसविलेले दोन फ्लॅश बाजूला व किंचित मागे ठेवल्यास समोरचे कण कमी उजळतात. हवाई बेटांतील कोना येथे रात्री तेवत राहणारे दिवे लावतात. त्यांच्या प्रकाशात सूक्ष्म जीव जमतात आणि ते खाण्यासाठी मांटा रे मासे दिव्यांपाशी येतात. तेथे अंतर माशानेच कमी केलेले असते. म्हणून दिव्याची निवडही बदलते.

व्हेल शार्क आपल्या अरबी समुद्रातही आढळतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकेकाळी त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. २००१ पासून भारतीय कायद्याने त्याला संरक्षण आहे. उद्या आपल्यापैकी कोणी कॅमेरा घेऊन त्या पाण्यात उतरला, तर त्याने प्रथम अंतर मोजावे आणि मगच प्रकाशाचा विचार करावा. अंतर राखून घेतलेल्या स्वच्छ चित्रामुळे तो मासा पुढील वर्षी पुन्हा ओळखता येईल.