गाडी उलार होऊ नये म्हणून : वजनाचा एक पाठ



किलोग्रॅम शिकवताना साखर-तांदळाची उदाहरणं संपली की मुलं जांभया देतात. यावेळी उदाहरण घरातच सापडलं. आमच्या भाऊजींनी मोबाइलवर कॅम्पर ट्रेलर पाहिला. कारच्या मागे जोडायची दोन चाकांची गाडी, उघडली की तंबू तयार. दिवाळीत नवेगावबांध, इटियाडोह आणि मग सालेकसा तालुक्यात हाजरा फॉल असा बेत ठरला. अॅडव्हान्स तेवढा द्यायचा राहिला होता. मी म्हटलं, थांबा, आधी माझ्या वर्गाला विचारते.

फळ्यावर मांडलं (आकडे पाठापुरते धरलेले) : रिकामा ट्रेलर ४८० किलो, पाणी ६० लिटर, सिलिंडर-शेगडी २०, बॅटरी २५, तंबू-अंथरूण ५०, भांडी-धान्य-खुर्च्या ४० किलो. कारची ओढायची मर्यादा ६०० किलो. मुलं पाण्यापाशी अडली. लिटर किलोत कसं मिळवायचं? बाटली आधी रिकामी तोलली, मग एक लिटर भरून. फरक एक किलो! बेरीज आली ६७५.

"मॅडम, पाणी तिथंच भरू न!" एकीने सुचवलं. तरी ६१५. मग कोणी खुर्च्या काढल्या, कोणी गादी. हा वाद अर्धा तास चालला आणि मी चालू दिला.

मग विचारलं, सगळं सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं तर? घरी बैलजोडी असलेला मुलगा लगेच म्हणाला, "गाडी उलार होईल, जू वर उचलेल." अगदी बरोबर. कारचंही तसंच होतं. मागचा भाग उचलल्यासारखा होतो आणि वेग वाढला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोलतो. म्हणून जड सामान चाकांजवळ, जरासं पुढे ठेवावं. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीवर यावा. ६०० चा दहावा भाग मुलांनी तोंडी सांगितला. हे ६० किलो कारमधल्या माणसा-सामानाच्या वजनातही धरायचे, हे मात्र मला सांगावं लागलं.

रिव्हर्सबद्दल शिकवायची गरजच पडली नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवतात, हे धानाच्या गावातल्या पोरांना माहीत असतंच.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. पण ट्रेलरची आरटीओकडे वेगळी नोंदणी लागते. आणि वर्षातून दोनदाच जायचं तर बाकीचे दिवस तो ठेवायचा कुठे? आमच्या अंगणात तर धानाची पोती असतात.

संध्याकाळी भाऊजींनी कारचं मॅन्युअल काढलं. त्यात ओढायची मर्यादा दिलेलीच नव्हती. माझ्या मते, मर्यादा दिली नसेल तर "ओढू नका" असंच समजावं. ते जरा हिरमुसले. शेवटी साधा तंबू डिकीत टाकून आम्ही इटियाडोहला जाऊन आलो, मुक्काम मात्र नातेवाइकांकडे.

गृहपाठ पालकांसाठी : आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती वजन चालतं ते मुलांसोबत शोधा आणि घरच्या सगळ्यांच्या वजनाची बेरीज करून पाहा.