टक्कल पडलेले उंदीर आणि एक लहान मुलगी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात पिकणाऱ्या सोयाबीनच्या दाण्यात, तो पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या शरीरात आणि त्या दाण्यावर टपलेल्या उंदराच्याही पेशींत पुट्रेसीन, स्पर्मिडीन व स्पर्मीन हे छोटे रेणू असतात. त्यांना पॉलिअमाइने म्हणतात. त्यांच्यावर धन विद्युत्भार असतो, तर डीएनए व आरएनए यांच्यावर ऋण. विजातीय भार एकमेकांना आकर्षितात, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणूनच पॉलिअमाइने या लांब रेणूंना बिलगून राहतात. पेशींची वाढ व विभाजन त्यांच्यावाचून नीट होत नाही.

ऑर्निथिन या अमिनो आम्लापासून पुट्रेसीन बनविणारे विकर म्हणजे ऑर्निथिन डीकार्बोक्झिलेज. सोयीसाठी त्याला ओडीसी म्हणू. त्याचे काम कालव्याच्या दारासारखे आहे. काम झाले की पेशी हे विकर चटकन मोडून टाकते, म्हणजे दार बंद होते. पण दार उघडेच राहिले तर?

१९९५ साली अमेरिकेतील थॉमस ओब्रायन व सहकाऱ्यांनी अशा उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केसांच्या मुळांशी काम करील असे ओडीसीचे जादा जनुक त्यांच्यात घातले होते. पिल्लांना आधी केस आले. मात्र दोन-तीन आठवड्यांनी ते गळाले. काहींच्या त्वचेवर अर्बुदेही झाली. ओडीसीला अडविणारे डीएफएमओ हे औषध दिले, तेव्हा केसगळती रोखता आली. दोष जादा विकराचाच होता, हे यावरून दिसले.

२०१८ मध्ये मिशिगन राज्यात कॅलेब बप व आंद्रे बाकमन यांनी एका लहान मुलीचा आजार नोंदविला. तिला केस नव्हते आणि तिची वाढही मागे पडली होती. तिच्या ओडीसीचे शेवटचे टोक तुटलेले होते. विकर मोडण्यासाठी नेमके तेच टोक लागते! लक्षणे त्या उंदरांशी जुळत होती. पुढे तिला डीएफएमओ देण्यात आले, आणि डोक्यावर केस व भुवया उगवल्या. हा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच औषध १९९० पासून आफ्रिकेतील निद्रारोगावर मान्यताप्राप्त होते.

आता एक कोडे. चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांची वाढ मंदावण्यासाठी याच औषधाचे मलमही वापरतात. एकीकडे केस येतात, दुसरीकडे त्यांची वाढ मंदावते, असे का? कालव्याचे दार डोळ्यांपुढे आणा आणि उत्तर आपल्या शिक्षकांपुढे मांडा.