तंजावर, बडोदे आणि जपान : दरबाराचे संगीत, देवळाचा नाच



इतिहासाच्या पुस्तकात राजा, लढाई, तह आणि सन एवढेच येते. राजवाड्यात संध्याकाळी काय वाजत असे आणि देवळात देवापुढे कोण नाचत असे, हे परीक्षेला येत नाही म्हणून कोणी विचारत नाही. आज आपण तेच पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. सुरतेहून गाडीत बसले की दोन-अडीच तासांत बडोदे येते. आपल्या शेजारचे नवसारी गायकवाडांच्याच राज्यात होते, आणि गायकवाडांचे जुने ठाणे सोनगड हेही आपल्याच बाजूला, आजच्या तापी जिल्ह्यात आहे. तेव्हा हा विषय परक्यांचा नाही.

सन 1880 मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा विवाह तंजावरच्या राजघराण्याच्या नात्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले गेले. आंदणात दागदागिने येतात हे आपण ऐकतो. या लग्नात तंजावरहून नाचणाऱ्यांचा आणि वाजवणाऱ्यांचा एक ताफाच बडोद्यास आला. त्यात गौरा आणि कांतिमती या दोन नर्तकी होत्या आणि त्यांच्याबरोबर नट्टुवनार, म्हणजे ताल धरून बोल म्हणणारे आणि नाच शिकवणारे गुरू होते. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो, तो नाच असा गुजरातेत पोहोचला.

आता तंजावरात मराठी राजे कसे, हे समजून घ्या. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापले. ते 1855 पर्यंत चालले. याच घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांनी 1798 ते 1832 राज्य केले. त्यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तंजावरात होते. बृहदीश्वराच्या देवळातही त्यांची सेवा असे आणि दरबारातही. अलारिप्पूने सुरुवात, मग जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि शेवटी तिल्लाना, हा भरतनाट्यमचा जो क्रम आज आपण रंगमंचावर पाहतो, तो नीट बसवण्याचे श्रेय या चौघा भावांना दिले जाते. सरफोजी राजांनी स्वतः नाचासाठी मराठीत रचना केल्या. त्यांचे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक तर आमच्या विशेष आवडीचे, कारण त्यात गाण्या-नाचातून पृथ्वीचा भूगोल सांगितला आहे. भूगोलाचा तास कंटाळवाणा वाटतो म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी!

यातील एक गोष्ट ध्यानात ठेवा. जी नर्तकी देवळात देवापुढे नाचे, तीच दरबारात राजापुढेही नाचे. देव आणि राजा या दोन आधारांवर ही कला उभी होती.

अगदी असाच प्रकार पूर्वेकडे जपानमध्ये दिसतो. तेथील राजदरबाराच्या संगीताला ‘गागाकू’ म्हणतात आणि देवस्थानातील नाच-गाण्याला ‘कागुरा’. दरबारात संगीताचे सरकारी खाते सन 701 च्या कायद्याने नेमले गेले, म्हणजे तेराशे वर्षांहून जुनी गोष्ट. गागाकूची वाद्ये पाहण्यासारखी आहेत. ‘शो’ हे बांबूच्या 17 नळ्यांचे वाद्य मिटलेल्या पंखांसारखे दिसते. श्वास सोडला तरी ते वाजते, घेतला तरी वाजते, म्हणून त्याचा स्वर तुटत नाही. मात्र श्वासाच्या ओलीने ते बिघडते, त्यामुळे वाजवणारा ते अधूनमधून निखाऱ्याच्या शेगडीवर शेकत बसतो. ‘हिचिरिकी’ ही वीतभर लांबीची, आपल्या सनईसारखी दुहेरी पत्तीची, पण आवाजाने चांगलीच जोरकस. सर्व काही अतिशय सावकाश चालते. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, वादक वाजवायचे विसरले की काय. विलंबित ख्याल प्रथम ऐकणाऱ्यालाही असेच वाटते.

कागुराची कथा तुम्हाला ओळखीची वाटेल. सूर्यदेवी अमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला. तेव्हा एका देवीने गुहेपुढे असा नाच केला की सगळे देव खो खो हसू लागले. बाहेर काय चालले आहे ते पाहायला सूर्यदेवी डोकावली आणि उजेड परतला. कागुराची सुरुवात त्या नाचापासून मानतात. आजही जपानी देवस्थानांत ‘मिको’ नावाच्या सेविका हाती घुंगरांचा गुच्छ घेऊन संथ नाच करतात, आणि राजवाड्यातील देवघरापुढे डिसेंबर महिन्यात रात्री कागुरा गायला जातो.

भारताचा आणि या संगीताचा संबंधही आहे. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू सन 736 मध्ये जपानला पोहोचले. नारा येथील बुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी 752 मध्ये त्यांच्याच हातून झाला. त्यांच्याबरोबर चंपा देशाचा (आजचे मध्य व्हिएतनाम) एक भिक्षू होता, आणि या दोघांनी काही नाच तेथे नेले असे परंपरा सांगते. त्यातला ‘कार्योबिन’ हा नाच लहान मुले पाठीला पंख बांधून, हातात छोट्या झांजा घेऊन करतात. हे नाव आपल्या संस्कृत ‘कलविंक’ पक्ष्याचे आहे.

पुढे दोन्ही ठिकाणी काळ बदलला. जपानमध्ये सत्ता पुन्हा सम्राटाकडे आल्यावर 1870 मध्ये क्योतो, नारा आणि ओसाका येथील वादक घराण्यांना टोकियोत आणून दरबाराचे नवे संगीत खाते काढले गेले. ते खाते आजही आहे. तेथील वादक गागाकूही वाजवतात आणि पाहुण्यांच्या मेजवानीत पाश्चात्त्य संगीतही वाजवतात. 2009 मध्ये युनेस्कोने गागाकूला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

आपल्याकडे मात्र दोन्ही आधार गेले. देवळाला मुली वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात 1947 च्या कायद्याने बंद झाली. त्या प्रथेत स्त्रियांवर अन्याय होत होता, म्हणून ती बंद झाली हे योग्यच झाले. पण ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या होती त्यांची रोजी-रोटी त्याबरोबर गेली, आणि नाच मात्र दुसऱ्यांच्या घरी मान मिळवू लागला, हेही सांगितले पाहिजे. बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. गवई, वादक, नर्तकी यांना पगार देणारा ‘कलावंत कारखाना’ इतिहासजमा झाला.

तरीही बडोद्यात ही कला टिकली, आणि का टिकली याचे उत्तर 1886 या सालात आहे. त्या वर्षी सयाजीरावांनी मौलाबख्श यांच्या हाताखाली संगीताची शाळा काढली. गुरूच्या घरी राहून, वर्षानुवर्षे सेवा करून मिळणारी विद्या तेथे फळा, पुस्तक आणि हजेरीपटावर आली. मौलाबख्श यांनी गाणे कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धत बसवली. मोठ्या उस्तादांना हे पसंत नव्हते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण वर्गात बसून कोणी फैयाझ खाँ होत नाही. (फैयाझ खाँसाहेब बडोद्याचेच दरबारी गवई, 1950 मध्ये तेथेच वारले.) पण दरबार गेला तेव्हा शाळा शिल्लक होती. ती पुढे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाचा भाग झाली. कांतिमतीचे पुत्र कुबेरनाथ यांनी तेथेच विद्यार्थ्यांना भरतनाट्यम शिकवले. त्यांचे आडनाव पाहा, तंजोरकर! तमिळ घराण्याला आपल्या मराठी मुलुखासारखे ‘कर’ लागले.

दरवर्षी जूनमध्ये काही पालक आम्हाला सुचवतात की आठवी-नववीचा संगीताचा तास गणिताला द्यावा. त्यांची काळजी खरी आहे, गुणांची आम्हालाही आहे. परंतु सुरतेतील आपल्या मुलांना घराबाहेर मराठी गाणे तालासुरात म्हणायला मिळते ते आठवड्यातील त्या एका तासात. तो तास आम्ही दिलेला नाही. गणिताचा जादा वर्ग शनिवारी शाळा सुटल्यावर घेत आहोत.

आता तुमचे काम. घरातील आजी-आजोबांना विचारा की त्यांच्या गावच्या देवळात कोणते वाद्य वाजत असे, ते कोण वाजवी आणि त्याबद्दल त्यांना काय मिळे : पैसे, धान्य की जमीन? आज ते वाद्य कोणाकडे आहे? एक पान लिहून दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्या. ज्यांच्याकडे जुना फोटो असेल त्यांनी मूळ फोटो न आणता त्याची झेरॉक्स आणावी.